दप्तर रिकामं, मग मूल शिकतंय काय?

नमस्कार श्रोतेहो. मी एका इंटरनॅशनल शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवते. शाळा सुरू होऊन महिना झाला, की पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, आणि आजीआजोबा तो जास्त पोटतिडकीनं विचारतात: ‘बाई, दप्तरात ना पुस्तक, ना भरलेली वही. मग पोर दिवसभर शिकतंय काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते.

आधी एक खुलासा. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेल्या कितीतरी शाळांमध्ये प्रत्यक्षात सीबीएसईच शिकवलं जातं. मी बोलतेय ते पीवायपीबद्दल, म्हणजे ‘प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम’बद्दल. जिनिव्हात 1968 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेनं 3 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 1997 मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. तो चालवायला शाळेला संस्थेची मान्यता लागते. ती आहे का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

इथे भाषा, गणित, परिसर हे वेगवेगळ्या तासांत कोंडलेले नसतात. सहा मोठी सूत्रं असतात. ‘आपण कोण आहोत’ हे एक, ‘जग कसं चालतं’ हे दुसरं. त्यातलं ‘आपण आपली व्यवस्था कशी लावतो’ हे सूत्र घेतलं, की वर्ग थेट भाजीमंडईत जाऊ शकतो. कोथिंबिरीची जुडी कुठून आली, टेम्पोत कुणी भरली, सकाळी स्वस्त आणि संध्याकाळी आणखी स्वस्त का, सारखं पाणी का शिंपडता, असं सगळं मुलं भाजीवाल्या मावशींना विचारतात. परत आल्यावर वर्गातच मंडई मांडतात. भावाच्या पाट्या लिहिताना लेखन होतं, सुट्टे पैसे देताना वजाबाकी होते. या कामाची वही नसते, म्हणून ते घरी दिसत नाही.

गणिताचंही तसंच. दहा घरांचा एक तक्ता असतो. त्यात आठ चिंचोके मांडलेले, शेजारी पाच सुटे. मूल पाचातले दोन उचलून रिकामी घरं भरतं. दहा पूर्ण झाले, उरले तीन, म्हणजे तेरा. इथे शिक्षिका थांबते आणि विचारते, ‘तुला कसं कळलं?’ माझ्या मते वर्षभरातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. बेरीज तर कुठल्याही शाळेत येते. पण आपण काय केलं ते सहा वर्षांच्या मुलानं स्वतःच्या शब्दांत सांगणं, शेजारच्यानं वेगळी रीत सांगितली तर ती ऐकून घेणं, याला मी खरी कमाई मानते.

इंग्रजी वाचनाची सुरुवात बहुतेक ठिकाणी ध्वनींपासून होते. एस, ए, टी, पी, आय, एन ही अक्षरं आधी, कारण एवढ्यांवरच ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’ असे कितीतरी शब्द जुळतात. मग मूल ‘एलिफंट’ लिहिताना ‘पीएच’च्या जागी ‘एफ’ लिहितं. कृपा करून ते खोडू नका. ऐकलेला ध्वनी त्यानं बरोबर पकडलाय. स्पेलिंग पुढे वाचनातून आणि सरावातून सुधारतं.

हे सगळं परदेशी थेर आहे, असं कुणी म्हटलं की मला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आठवतात. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला अनुताई वाघांना सोबत घेऊन काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं हेच शिक्षणाचं साहित्य होतं. मुलाच्या परिसरातून शिकवायचं, हे आपल्या मातीत तेव्हाच रुजलं होतं. दुःख एवढंच, की आज हे शिक्षण परवडणारी घरं मोजकी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत चिंचोके मांडायला मात्र कुणाची फी लागत नाही, आणि तिथले कितीतरी शिक्षक ते मनापासून करतातही.

शेवटी भाषेचं सांगते, कारण त्याची मला फार काळजी वाटते. मुलाला शाळेत जड जाऊ नये म्हणून कित्येक आईवडील घरात मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. तसं करू नका. पीवायपीतही मातृभाषेला आधार देण्याची अपेक्षा शाळेकडून असते, आणि महाराष्ट्राच्या 2020 च्या कायद्यानं सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य केली आहे. वर्षातून एकदा मूल स्वतः आपलं काम पालकांना दाखवतं, अशी सभा होते. त्या दिवशी आजीलाही घेऊन जा. मुलाला बिनधास्त मराठीत विचारा, ‘हे कसं केलंस रे?’ आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका. नमस्कार.