खिळा न मारता उभा राहिलेला रथ

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊया, जपानच्या क्योतोमध्ये. तिथे जुलै म्हणजे अंगाला चिकटणारा दमट उकाडा आणि गिओन मात्सुरी, आणि हा उत्सव एक-दोन दिवसांचा नाही हं, अख्खा महिना चालतो. बहुतेक पाहुणे काय करतात, 17 तारखेची मिरवणूक बघायला उन्हात तासन्‌तास उभे राहतात, फोटो काढतात की झालं. मी म्हणेन, जमलं तर 10 तारखेलाच जा. तेव्हा शिजो रस्त्याच्या आसपास रथ बांधायला घेतात. होको म्हणतात त्यांना, मोठा होको शेंड्यापर्यंत 25 मीटरच्या घरात जातो, वजन साधारण 12 टन, आणि सांगाड्याला खिळा नाही! सगळं भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी आवळलेलं, आणि गाठी इतक्या देखण्या की त्या मग कापडाखाली झाकतात याचंच वाईट वाटतं. चाकं वळत नाहीत, मग चौकात काय करायचं? चाकाखाली बांबूच्या पट्ट्या टाकायच्या, वर पाणी ओतायचं आणि सगळ्यांनी मिळून आडवं ओढायचं, दोन-तीन हिसक्यांत रथ काटकोनात फिरतो. गर्दी तेव्हा जी ओरडते ना, बाप्पाच्या मिरवणुकीची आठवण येतेच.

आता हे सुरू कशामुळे झालं, तर रोगराईमुळे. 869 साली साथ पसरली तेव्हा देशातल्या 66 प्रांतांसाठी 66 भाले उभे करून देवाची करुणा भाकली. आणि गिओन हे नाव कुठलं माहितीये? बुद्ध राहायचे त्या श्रावस्तीच्या जेतवनाचं जपानी नाव!

आणखी एक गंमत. रथांच्या अंगावर जे गालिचे लटकवतात, त्यातले काही सतराव्या-अठराव्या शतकात आपल्या दख्खनेत विणलेले आहेत, डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तिकडे पोचलेले. म्हणजे क्योतोच्या गल्लीत मान वर करून बघताय आणि समोर दख्खनचा गालिचा, काय बोलणार! ते गल्लीवाल्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेत, कारण प्रत्येक रथ एकेका वस्तीचा असतो.

14 ते 16च्या संध्याकाळी कंदील लागतात, झांजा-बासरीचं कोनचिकिचिन सुरू होतं, 15 आणि 16ला तर मोठे रस्ते गाड्यांना बंद. गर्दी नको असेल तर 21 ते 23 बघा. 24ची दुसरी मिरवणूक 1966 ते 2013 पहिलीतच मिसळलेली होती, 2014ला परत वेगळी झाली, आणि तिच्या आधीच्या रात्री खाण्याचे स्टॉल्स नसतात, शांतपणे हिंडता येतं.

आणि हो, चिमाकी नावाची बांबूच्या पानांची जुडी मिळते, दिसते अगदी पानात उकडलेल्या गोड पदार्थासारखी. सोलायला जाऊ नका, आत पेंढा आहे! ती दारावर टांगायची असते, वर्षभर.