अंतर कुणापासून ठेवायचं?

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी पेठ, सकाळ. अरुंद बोळ, उंबऱ्याला लावलेली लाकडी फळी.)

कोरोनात कुणालाही फोन लावला की आधी ती ट्यून: खोकला, मास्क, सुरक्षित अंतर. या घरात मात्र दिवस सुरू व्हायचा तोच मिठी मारून. धाकटा भाऊ आप्पांच्या काखेत हात घालणार, वहिनी पाय उचलणार, तेव्हा आप्पा पलंगावरून व्हीलचेअरवर. अंतर ठेवायचं म्हणजे आप्पांना पलंगावरच ठेवायचं.

आप्पा उद्यमनगरात लेथवर होते. पावसाळ्याआधी कौलं चाळायला चढले, पाय घसरला, मानेचा मणका मोडला. खांदे, कोपरं आणि मनगटं थोडीफार चालतात; बोटं नाहीत, पाय नाहीत. आणखी एक गोष्ट गेली, ती बघणाऱ्याला कळत नाही. खोकला.

(दृश्य: वहिनींचे हात, जवळून.)

श्वासपटलाच्या नसा मानेत वरच्या बाजूला निघतात, म्हणून श्वास शाबूत. पण जोरात खोकायला पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू लागतात. म्हणून कफ दाटला की वहिनी दोन्ही तळवे बरगड्यांच्या खाली टेकवतात, आप्पा छाती भरून घेतात, आणि "हं" म्हटलं की वहिनी आत आणि वर दाबतात. कफ सुटतो तो वहिनींच्या तोंडासमोरच.

ताप तर कोरोना नसतानाही यायचा. लघवीत इन्फेक्शन झालं की ताप. शिवाय मानेखाली नीट घाम येत नाही, त्यामुळे नुसतं उन्हात बसलं तरी अंग तापतं. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं पथक दारात आलं, कपाळासमोर थर्मल गन धरली, आणि घरच्यांच्या पोटात गोळा.

लघवी काढायची नळी, म्हणजे कॅथेटर, दिवसातून चार-पाच वेळा. दुसऱ्यानं घालायचं म्हणजे ग्लोव्हज हवेतच, आणि नेमके त्यांचेच भाव भडकले. फिजिओ यायचा बंद झाला, पाय आखडले.

व्हीलचेअर कोल्हापूरला नवी नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथंच 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, त्या स्वतः तरुणपणापासून व्हीलचेअरवर. तरी लस घ्यायला गेल्यावर आप्पांना पायऱ्याच भेटल्या. तालमीतल्या चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. पुन्हा अंतराचा प्रश्न!

एक गंमतही झाली. दुसऱ्या लाटेत डॉक्टर सांगू लागले, ऑक्सिजन कमी वाटला तर पालथं झोपा. माकडहाडावर बेडसोअर होऊ नये म्हणून आप्पा वर्षानुवर्षं पालथे झोपतात. छातीखाली कुठली उशी, नडगीखाली कुठली, हे शेजारणी वहिनींना फोन करून विचारायच्या.

खरी भीती वेगळीच होती. कोविड वॉर्डात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मग कूस कोण बदलणार? कफ कोण काढणार?

(दृश्य: व्हीलचेअरच्या मागच्या खिशातला कागद.)

आप्पांनी सांगितलं, भावानं लिहून काढलं. दर दोन तासांनी कूस बदला. बेल दाबता येत नाही, अधूनमधून विचारत जा. डोकं ठणकलं, बीपी एकदम चढलं, तर आधी बसतं करा, मग लघवी तुंबली का बघा. मानेचा मणका मोडलेल्या पेशंटला नुसत्या भरलेल्या मूत्राशयानं बीपी जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. हे प्रत्येक वॉर्डात ठाऊक असेलच असं नाही.

कोरोनात हा कागद लागला नाही. नंतर लागला, साध्या लघवीच्या इन्फेक्शनला अ‍ॅडमिट केलं तेव्हा. रात्रपाळीच्या सिस्टरनी तो दोनदा वाचला आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला.