दोन डोळे, एकच चित्र

अंधारात उडणारं अपाचे हेलिकॉप्टर. वैमानिकाच्या उजव्या डोळ्यासमोर काचेचा छोटासा तुकडा आहे. त्यात दिसतंय ते हेलिकॉप्टरच्या नाकावरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं दृश्य. हा कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या सुमारे ३ मीटर पुढे आणि जवळजवळ मीटरभर खाली. डावा डोळा मात्र मोकळा. त्याला कॉकपिटमधले दिवे आणि बाहेरचा काळोख.

मेंदू कधी या डोळ्याचं ऐकतो, कधी त्या. डोकं दुखतं, डोळे ताणतात. अमेरिकी सैन्यातल्या वैमानिकांनी हे वारंवार सांगितलं आहे.

मग दोन्ही डोळ्यांना चित्र द्यावं, झालं! एफ-३५ या लढाऊ विमानाच्या हेल्मेटमध्ये तसंच केलंय. पण खरी मेहनत इथूनच सुरू होते.

एक करून पाहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून एका पापणीवर बाहेरच्या कडेनं बोट अगदी हलकं दाबा. समोरच्या दिव्याचे दोन दिवे झाले ना? हेल्मेटमधला, चित्र डोळ्यापर्यंत पोचवणारा एक आरसा किंचित तिरपा बसला, तर हेच होतं.

आपले डोळे नाकाकडे सहज वळतात; पुस्तक वाचताना रोज वळतात. बाहेरच्या बाजूला ते फारच थोडे जातात. आणि एक वर, एक खाली? ते जवळपास जमतच नाही. त्यामुळे दोन चित्रांमधल्या वर-खाली फरकाची मुभा अगदी थोडी, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी, असावी असं सुचवलं गेलंय. फरक त्याहून थोडा जास्त असला, तर मेंदू दोन्ही चित्रं ओढूनताणून जुळवतो. वैमानिकाला चूक दिसत नाही, नुसता थकवा जाणवतो. मला तरी हीच चूक सगळ्यात घातक वाटते.

त्यात माणसं एका मापाची नसतात. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर, पण कुणाचं ५५, कुणाचं ७२. शिवाय घाम येतो, मान वळते, दोन किलोंचं हेल्मेट कपाळावरून तसूभर सरकतं आणि चित्राची कड काळी पडते. म्हणून एफ-३५च्या वैमानिकाच्या डोक्याचं लेझरनं माप घेऊन हेल्मेटचं अस्तर त्याच्यापुरतं घडवतात.

आता तपासणी. समोर एक आडवी हिरवी रेष. तंत्रज्ञ चित्र केसभर वर घेतो.

"आता?"

"अजून दोन दिसतात."

पुन्हा केसभर. वैमानिक मान झटकतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, परत समोर येतो.

"एक."