बटाटे काढायचे की नाही?

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त. परवा रात्री आमच्या चर्चमधल्या एका मावशींनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला, लाल आभाळ, धडामधुडूम म्युझिक, आणि खाली लिहिलेलं की येत्या नोव्हेंबरात जगाचा शेवट, दहा जणांना फॉरवर्ड करा. आता शेवटच होणार असेल तर फॉरवर्ड करून काय मिळणार, देव जाणे.

मला एकदम विल्यम मिलर आठवला. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, अमेरिका-ब्रिटनच्या 1812 च्या युद्धात कॅप्टन होता, नंतर बायबल घेऊन बसला तो वर्षानुवर्षं बसलाच. दानीएलाच्या आठव्या अध्यायात 2300 दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं आहे ना, त्यानं एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, इसवी सनापूर्वी 457 पासून मोजलं, आणि पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, म्हणजे प्रभू 1843 च्या आसपास येणार. 1844 चा मार्च उलटला तरी काही झालं नाही. मग सॅम्युएल स्नो म्हणून एकानं यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा हिशोब लावून पक्की तारीखच दिली, 22 ऑक्टोबर 1844.

हजारो लोकांनी विश्वास ठेवला हो. दुकानं बंद केली, कर्ज फेडून टाकलं, आणि सांगतात की न्यू हॅम्पशायरमधल्या एकानं शेतातले बटाटे काढलेच नाहीत, प्रभू येणार तर खाणार कोण? ती रात्र त्यांनी जागून काढली, बारा वाजून गेले, कोणी आलं नाही, आणि हायरम एडसन नावाच्या शेतकऱ्यानं पुढे लिहून ठेवलंय की आम्ही उजाडेपर्यंत रडलो. लोक त्यांना हसतात, मला नाही हसवत. इतकी आतुरतेनं वाट आपण कोणाची पाहिलीय?

बटाट्याची गंमत अशी की त्या वर्षी शेजाऱ्यांचे आधी काढलेले बटाटे कुजले आणि याचे जमिनीत राहिलेले चांगले निघाले म्हणतात, भावही मिळाला. म्हणजे काम सोडू नका असं सांगायला ही गोष्ट काही माझ्या उपयोगाची नाही! त्यासाठी प्रेषित पौल बरा. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत पण काही जण कामधंदा न करता बसले होते, तर त्यानं सरळ लिहिलं, काम करायचं नाही त्यानं जेवूही नये.

आणि तारीख? मत्तय 24:36 काढून बघा, तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. मग आपल्या यूट्यूबवाल्या भाऊंना कुठून कळलं?

मिलरच्या त्या मंडळींमधलेच काही जण चुकलो कुठे ते शोधत राहिले, आणि त्यातून 1863 मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे ना, ते त्यांचंच. प्रभू येणार हे ते आजही मानतात, आणि तसं तर आपण सगळेच मानतो, दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून आपला विश्वास बोलून दाखवतो त्यात, म्हणतोच की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार, फक्त म्हणताना लक्ष घड्याळाकडे असतं.

व्हिडिओत जळणारं जग असतं, पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, एकविसावा अध्याय कोणी फॉरवर्ड करत नाही. तिथं नवं आकाश, नवी पृथ्वी आहे, आणि आपण वर उडून जात नाही, नवी यरुशलेम नगरी खाली उतरते, देव माणसांत राहायला येतो आणि डोळे पुसतो. लहानपणी मला शेवट म्हणजे फक्त आगच सांगितली होती, त्यामुळे हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

मिलर 1849 मध्ये वारला. निराशेच्या त्या रात्रीनंतर तीन आठवड्यांत त्यानं एका पत्रात लिहिलं होतं की मी आता दुसरी वेळ धरलीय, आज, आज आणि आज, तो येईपर्यंत.

मावशींना मी एवढंच पाठवणार होतो, तर तोवर त्यांचाच दुसरा मेसेज आला, नाताळच्या करंज्यांचं सारण या वेळी खोबऱ्याचं करू का रव्याचं, आणि डिसेंबरात तू लाटायला येतोयस ना?