बेन, एने आंगळीओ छे

[दृश्य: बडोद्यातली कमाटीबाग, रविवार सकाळ]

ही सात वर्षांची मुलगी दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातली. बागेच्या फाटकापासून म्युझियमपर्यंत ती आजोबांना किती प्रश्न विचारते, ते मोजायचं आम्ही ठरवलं होतं. चौदापर्यंत मोजले आणि नाद सोडला. पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी रस्त्यावर येतात, मग पाणी ओसरल्यावर त्यांना घरी कोण सोडतं, हा त्यातलाच एक. (वनखात्याची माणसं. आजोबांना हे ठाऊक होतं.)

[दृश्य: म्युझियम, व्हेलचा सांगाडा]

1894 साली बांधून झालेल्या या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. 1944 मध्ये भरतीबरोबर मही नदीच्या मुखात आलेला, सुमारे 72 फूट लांब.

"आजोबा, हा मासा आहे ना? मग याला हात कसा?"

"हात नाही गं, पर असेल तो."

"पण आत हाडं आहेत. माझ्यासारखी."

आजोबा चष्मा पुसतात. मुलीचं बरोबर आहे. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परात मनगटाची आणि बोटांची हाडं असतात, कारण त्याचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवर चार पायांनी फिरत होते. हे आजोबांना माहीत नव्हतं. "घरी जाऊन बघू," म्हणाले. आम्हाला ते उत्तर आवडलं.

[दृश्य: गुजराती शाळा, सोमवार]

वर्गात हीच मुलगी. दोन तासांत तिने दोनदा तोंड उघडलं. एकदा, "बेन, समास सोडायचा?" (बेन म्हणजे इथल्या बाई) आणि एकदा पाण्याला जाऊ का म्हणून. वरच्या वर्गात आणखी एक प्रश्न ऐकू येतो, "आ परीक्षामां आवशे?" (हे परीक्षेत येणार का?) त्यानंतर मुलं निवांत होतात.

याला एकट्या बेनना जबाबदार धरणं सोपं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असावा. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी-बिजेरी सोडून दिली, तरी एका मुलाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं. त्यात आमची ही मुलगी मराठीत विचार करते आणि वर्गात बोलायचं गुजरातीत. प्रश्न गुजरातीत जुळेपर्यंत फळा पुसलेला असतो.

बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चारेक वर्षांच्या मुलींचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. घरी आईला तासाला सरासरी 26 प्रश्न, बालवाडीत 2. तिथे तर भाषा बदलायचीही अडचण नव्हती. म्हणजे प्रश्न संपत नाहीत, दप्तराबरोबर घरी येतात. घरी त्यांचं काय होतं? तिथेही "गप्प बस, मोबाइल घे" असतंच की.

[दृश्य: सयाजीरावांचा पुतळा]

आणि शाळा नकोच, असं निदान बडोद्यात तरी कुणी म्हणू नये. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आणलेला गोपाळ 1875 मध्ये इथे आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. राजवाड्यात त्याच्यासाठी शिक्षक नेमले गेले. पुढे सयाजीराव म्हणून त्याच मुलाने 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 पासून सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा काढून ते थांबले नाहीत. म्युझियम उभारलं, गावोगाव वाचनालयं काढली. सक्तीच्या शाळेशेजारी बिनसक्तीच्या जागाही हव्यात, हे त्यांना कळलं असावं, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य: पुन्हा वर्ग]

गणिताच्या वहीत, न सोडलेल्या समासात, एक मासा काढलाय. त्याला बोटं आहेत. बेन बाकापाशी येऊन थांबतात.

"आ शुं छे?"

मुलगी शब्द शोधते. आम्ही कॅमेरा हलू देत नाही.

"बेन... एने आंगळीओ छे."

"माछलीने?"

घंटा व्हायला अजून सहा मिनिटं आहेत. बेन शेजारच्या बाकावर बसतात.