साइडपट्टी

(दृश्य: वाळवा तालुका, सकाळ. उसाची डबल ट्रॉली, मागे वाहनांची रांग.)

गळीत हंगाम सुरू झाला की पेठनाक्याच्या आतल्या रस्त्यांवर ही रांग ठरलेली. ट्रॅक्टरवाल्याला बाजू द्यायची असते, पण देणार कुठे? डांबर सात मीटरचं. त्याच्या कडेची मुरमाची पट्टी, म्हणजे साइडपट्टी, पावसात वाहून गेलीय.

(दृश्य: डांबराची कड, अगदी जवळून.)

ही कड बघा. चार बोटं सहज बुडतात. डावं चाक इथून खाली उतरलं की चालक स्टिअरिंग उजवीकडे ओढतो. चाक कडेला घासत राहतं, मग एकदम वर चढतं, आणि गाडी समोरच्या वाहनावर जाते. दुचाकी तर जागीच आडवी होते.

कृष्णाकाठची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यात कडेला गवत-माती साचून उंचवटा झाला की रस्त्यावरचं पाणी तिथेच तुंबतं आणि डांबराखाली शिरतं. नुसता मुरूम ओतून हे थांबत नाही.

(दृश्य: जेसीबी, रोलर, पेव्हर.)

पक्की साइडपट्टी अशी होते. आधी बॉक्स कटिंग, म्हणजे डांबराच्या कडेला चौकोनी चर खोदायचा. काळी माती खोलवर काढून टाकायची, तिच्यावर थर चढवायचे नाहीत. मग मुरूम, पाणी, रोलर. त्यावर खडीचे थर. प्रत्येक थर दाबूनच पुढचा. आता हा सांधा बघा: जुन्या डांबराची कड पायरीसारखी कापलीय, नवा थर तिच्यावर बसतो. ही पायरी नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात सांधा उघडतो. शेवटी डांबर, जुन्याच्या पातळीला, बाहेर उतार ठेवून. दोन्हीकडे दीड-दीड मीटर, म्हणजे रस्ता दहा मीटरचा. मग पांढरा पट्टा.

(दृश्य: ट्रॉलीची डावी चाकं पट्ट्याबाहेर, एसटी पुढे निघते.)

ट्रॉली अख्खी मावत नाही, पण डावी चाकं पट्टीवर घेतली तरी मागच्याला समोरचं दिसतं आणि ओव्हरटेकसाठी पूर्ण उजवीकडे जावं लागत नाही. पंक्चर झालेली गाडीही वाहत्या रस्त्यातून बाजूला होते.

रस्ता रुंद झाला की वेगही वाढतो, तेव्हा गावाजवळ गतिरोधक आणि फलक हवेतच.

(दृश्य: कारखान्याबाहेर पट्टीवर उभ्या ट्रॉल्या.)

पट्टी अशी अडवली तर बैलगाडी पुन्हा वाहत्या रस्त्यात येते. ट्रॉल्यांची जागा केन यार्डात, म्हणजे कारखान्याच्या ऊसगाड्यांच्या आवारात. आणि रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकात साइडपट्टी पहिल्या दिवसापासून पक्कीच धरा.