टाकीतलं पाणी आणि खोलीतली हवा

(दादर येथे खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाजारात बांगडा घेताना आपण आधी कल्ला उचलून बघतो. आत लालभडक असेल तर मासा ताजा. तो लाल रंग रक्ताचा. माशाला रक्त पाण्याच्या इतकं जवळ आणून ठेवावं लागतं की मधे नावापुरता पडदा उरतो. एवढा खटाटोप का? कारण पाण्यात प्राणवायू मुळातच फार थोडा. एक लिटर हवेत तो साधारण २७० मिलिग्रॅम असतो. २५ अंशाला एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम सव्वाआठ, आणि समुद्राच्या पाण्यात पावणेसात. मीठ वाढलं की कमी, उष्णता वाढली की आणखी कमी. तेच खारं पाणी ३० अंशावर गेलं की सव्वासहाच्या आसपास येतं. मे महिन्यात आपल्या घरात ३० अंश म्हणजे काही विशेष नाही. त्यात उष्णतेने माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. म्हणजे आवक घटते तेव्हाच खर्च वाढतो.

आता घरातला हिशेब मांडू. तुमच्या टाकीत २०० लिटर पाणी आहे असं धरा. त्या सगळ्या पाण्यात मिळून प्राणवायू किती? सव्वा ग्रॅमच्या थोडा वर. पाच लिटर हवेत मावेल इतका. एवढ्यावर मासे, कोळंबी, कोरल (प्रवाळ), खडकातले अब्जावधी जिवाणू असं सगळं बिऱ्हाड चालतं. त्यामुळे शिल्लक किती यापेक्षा भरपाई किती वेगाने होते हे जास्त महत्त्वाचं. आपल्या खाडीतल्या निवटी नावाच्या मासळीने यातून पळवाट काढली आहे. ती चिखलावर येते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून सरळ हवाच घेते. आपल्या टाकीतल्या क्लाउनफिश माशाला ती सोय नाही.

भरपाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बुडबुडे येतात. खजिन्याची पेटी उघडते आणि बुडबुडे सुटतात, ते खेळणं मला कधीच आवडलं नाही, पण ते असो. बुडबुड्यांचं काम किती, हे आपण मोजूनच बघू. चार फुटी टाकी, दीड फूट रुंद. वरचा पाण्याचा पृष्ठभाग झाला साधारण ५,४०० चौरस सेंटिमीटर. एअर पंप मिनिटाला दोन लिटर हवा देतोय आणि एअर स्टोनमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या सच्छिद्र दगडातून, तीन-तीन मिलिमीटरचे बुडबुडे येतायत. असा बुडबुडा तळापासून वर यायला दीड-दोन सेकंद लागतात. कोणत्याही क्षणी पाण्यात असलेल्या सगळ्या बुडबुड्यांचं अंग मिळून हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. वरच्या पृष्ठभागाच्या पाचवा हिस्सा. अगदीच फुकट नाही, पण खरं काम ते वेगळंच करतात. वर येताना तळाचं पाणी सोबत ओढून आणतात आणि पृष्ठभाग हलता ठेवतात. हेच काम वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीत लाटा उठवणाऱ्या पंपाचं, तोंड थोडं वर वळवून होतं, आणि झाकणावर, वायरींवर, मागच्या भिंतीवर मिठाचे पांढरे शिंतोडे बसत नाहीत. पाण्याचा वरचा थर सारखा बदलत राहिला पाहिजे, एवढंच. जुलैत वरळी सी फेसला समुद्र जे करतो, त्याची अगदी लहान आवृत्ती.

म्हणूनच टाकीचा आकार महत्त्वाचा. चहा कपात गरम राहतो आणि बशीत ओतला की निवतो, तसंच हे. उंच, अरुंद, वर काचेचं घट्ट झाकण असलेल्या टाक्या दिवाणखान्यात दिसतात झकास, पण आतले जीव गुदमरतात. मासा उडी मारेल ही भीती रास्त आहे. त्यासाठी जाळीचं झाकण करून घ्या.

दुसरा शत्रू म्हणजे तवंग. खाण्यातलं तेल, माशांच्या अंगाची बुळबुळ, प्रथिनं हे सगळं वर येऊन पातळ साय धरतं. काचेजवळ वाकून खालून वर बघा. पृष्ठभाग आरशासारखा लख्ख दिसायला हवा. धुरकट दिसला, बुडबुडे वर येऊनही न फुटता तरंगत राहिले, की समजा तवंग आहे. स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरायचा, एका टोकाने ओढून घ्यायचा. कागद तेलकट येतो. हा झाला तात्पुरता इलाज. कायमचा हवा असेल तर वरचं पाणी काठावरून सांडून खालच्या संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत, जाईल अशी रचना करा.

आता स्किमर, म्हणजे बारीक बुडबुड्यांना घाण चिकटवून ती फेसासोबत बाहेर काढणारं यंत्र. त्याबद्दल मात्र मी हात आखडता घेणार नाही. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत चटकन मिसळत नाहीत, बारीकच राहतात. गोड्या पाण्यात स्किमर नीट चालत नाही तो याचमुळे. समजा स्किमर तासाला ६०० लिटर हवा ओढतो आणि बुडबुडा अर्ध्या मिलिमीटरचा करतो. म्हणजे दर सेकंदाला दोन चौरस मीटर नवा पृष्ठभाग तयार होतो. आपल्या चार फुटी टाकीचा अख्खा पृष्ठभाग अर्धा चौरस मीटर! घाण काढणारं यंत्र म्हणून तुम्ही तो आणता, पण टाकीचं सगळ्यात मोठं फुप्फुस तोच असतो.

आता आज मला जे मुख्य सांगायचं आहे ते. हवा मारणं म्हणजे पाण्यात प्राणवायू कोंबणं नव्हे. पाणी आणि त्याला लागलेली हवा यांचा मेळ बसवणं, एवढंच ते काम. विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडलेला नियम हाच: हवेत ज्या वायूचा दाब जितका, त्याच्या प्रमाणात तो पाण्यात राहणार. भर दुपारी दिव्याखाली शेवाळाने प्राणवायू जास्त केला असेल तर हाच एअर स्टोन तो बाहेर काढतो. आणि खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला असेल तर तुमचा महागडा स्किमर तोच इमानेइतबारे पाण्यात भरतो.

बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास आहे. दारं-खिडक्या बंद, एसी चालू, आत चार माणसं झोपलेली, अशा खोलीत तो पहाटेपर्यंत सहज तिपटी-चौपटीवर जातो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि पाण्याशी त्याचा पुरता मेळ बसला, तर पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, सुमारे ०.३ ने उतरतो; आकडा उतरला की पाणी आम्लाकडे झुकलं. ८.२ चं पाणी ७.९ वर. शिवाय रात्री कोरल आणि शेवाळ प्राणवायू बनवत नाहीत, वापरतात. त्यामुळे पीएच आणि प्राणवायू दोन्ही पहाटे तळ गाठतात. सकाळी मासे वर येऊन तोंड उघड-मीट करताना दिसतात ते यामुळेच. आणि आपण काय करतो? दुकानातून बफरची, म्हणजे पीएच चढवणाऱ्या क्षारांची, बाटली आणतो. बफरने अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, चढते, खोलीतली हवा आहे तशीच राहते, म्हणून चार दिवसांत पीएच परत खाली. मग दुसरी बाटली.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. टाकीतलं पाणी दोन पेल्यांत घ्या, पीएच मोजा. एक पेला घरातच ठेवून त्यात एअर स्टोन सोडा, दुसरा गॅलरीत नेऊन तिथल्या हवेवर तेच करा. तासाभराने दोन्ही मोजा. गॅलरीतला पेला चढला आणि घरातला जागचा हलला नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन्ही चढले तर तुमच्या टाकीचा पृष्ठभागच नीट हलत नाहीये. दोन्ही जिथल्या तिथे राहिले तर अल्कलिनिटी तपासा. फुकटातली चाचणी आहे, आणि कुठल्याही दुकानदारापेक्षा ती प्रामाणिक आहे.

हाच नियम उलट्या बाजूनेही लागतो. घरात जे पसरतं ते पंप ओढतो. पावसाळ्यात गल्लीत डासांसाठी धूर मारतात, सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माणसाला फारशी जाणवत नसली तरी माशांना आणि कोळंबीला जहाल असतात. फवारणीचा आवाज आला की खिडकी लावा, एअर पंप आणि स्किमर बंद करा, वेव्हमेकर चालू ठेवा, खोली मोकळी झाली की पूर्ववत करा.

वीज गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी अख्खी मुंबई अंधारली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी इन्व्हर्टरवर दिवे किंवा पाणी थंड करणारा चिलर नको, पृष्ठभाग हलवणारा एकच पंप पुरे. बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या. त्याची नळी पाण्यात, पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा वर. नाहीतर बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन फरशीवर उतरतं. तेही नसेल तर तांब्या घ्या आणि टाकीतलंच पाणी हातभर उंचावरून पुन्हा टाकीत ओता, जरा थांबा, पुन्हा ओता. खाणं त्या दिवशी बंद. मासे उपाशी मरत नाहीत, पण कुजणारा दाणा प्राणवायू खातो.

(श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं: उन्हाळ्यात पंखा लावला तर चालेल का?)

चालेल. पाणी उडतं, टाकी थंड होते, वरची हवाही बदलते. जुलैत हवाच दमट असल्याने पंख्याचा जोर कमी पडतो. आणि पाणी उडतं, मीठ नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची. इथे खारं पाणी घालत राहिलात तर क्षारता वाढत जाईल आणि वायू आणखी कमी विरघळेल.

(एका ताईंनी विचारलं: स्किमरला बाहेरची हवा द्यायची तर नळी कशी न्यायची?)

खिडकीच्या चौकटीतून. ताई, नळी जितकी लांब तितकी हवा कमी ओढली जाते, म्हणून स्किमरच्या तोंडापेक्षा जाड नळी घ्या आणि शेवटी अडॅप्टरने जोडा. बाहेरचं टोक खाली वळवा म्हणजे पाऊस शिरणार नाही, त्याला बारीक जाळी बांधा. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळ ते काढू नका. आणि जिथे कबुतरं बसतात ती कड सोडून द्या.